रेल्वेलगतच्या जुन्या इंग्लिश पबचा इतिहास कसा शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहणाऱ्या मराठी गृहस्थांकडे गावच्या इतिहास मंडळाने स्टेशनजवळच्या ‘रेल्वे इन’ या पबवर दोन पानं मागितली आहेत. पाटीवर ‘स्थापना १५८०’ असं रंगवलेलं आहे, गावात तीन-चार दंतकथा आहेत आणि हातात कागद एकही नाही. सुरुवात कुठून करावी आणि काय खरं मानावं?

सुरुवात रेल्वेपासून करा. पाटी खरी धरली तर पब रेल्वेच्या अडीचशे वर्षं आधीचा आहे, म्हणून हे उलटं वाटेल. पण इंग्लंडमधल्या पबच्या परवान्यांचं दफ्तर १८२८ ते १८७२ या काळात फार विरळ आहे आणि मुख्य रेल्वेमार्ग नेमके याच काळात आखले गेले. मार्ग मंजूर करून घेण्यासाठी कंपनीला त्यालगतच्या प्रत्येक घराची, तबेल्याची, परसाची नोंद संसदेपुढे ठेवावी लागे. त्यामुळे इतर पबांच्या इतिहासात जिथे खिंडार पडतं, तिथेच तुमच्या पबचा सगळ्यात भक्कम कागद असण्याची शक्यता आहे. मधलं एक वर्ष असं पक्कं झालं की तिथून मागे आणि पुढे, दोन्हीकडे जाता येतं.

त्याआधी वहीत तीन रकाने आखा: इमारत, परवाना आणि नाव. हे तीन वेगळे इतिहास आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळं लिखाण बिघडतं. इमारत सोळाव्या शतकातलं शेतघर असू शकते, तिथे बिअर विकायला सुरुवात १८३०च्या दशकात झालेली असू शकते आणि ‘रेल्वे इन’ हे नाव १८४०च्या दशकात आलेलं असू शकतं. याच्या उलटही होतं: गावातल्या जुन्या इनचा (मुक्कामाची सोय असलेल्या पबचा) परवाना मालकाने स्टेशनशेजारी बांधलेल्या नव्या इमारतीवर हलवून घेतला, म्हणजे परवाना जुना पण भिंती नव्या. कधी पबचालक दुसऱ्या घरात गेला आणि जुनी पाटीही सोबत घेऊन गेला. हाती आलेला प्रत्येक पुरावा यातल्या कोणत्या रकान्यात बसतो हे आधी ठरवा, मगच तो टिपा.

आता परवान्यांची चौकट. १५५२च्या कायद्याने एलहाउस (बिअर विकण्याचं घर) चालवायला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी आणि जामीन लागू लागला. १७५३च्या कायद्याने या जामिनांची नोंदवही ठेवणं काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) दफ्तरदाराला सक्तीचं केलं. या वह्या बऱ्याच काउंटींच्या अभिलेखागारांत ‘क्वार्टर सेशन्स’च्या (दंडाधिकाऱ्यांच्या तिमाही न्यायालयाच्या) कागदांत सापडतात. त्यांत गाव, परवानाधारक आणि जामीनदार असतात. पबचं नाव मात्र बऱ्याच ठिकाणी शेवटच्या काही वर्षांतच दिसतं. १८२८च्या कायद्यानंतर ही सक्ती गेली आणि वह्या थांबल्या. त्यानंतर १८३०चा बिअरहाउस कायदा आला. कर भरणाऱ्या कोणाही कुटुंबप्रमुखाने अबकारी खात्यात वर्षाला दोन गिनी भरल्या की त्याला घरातून बिअर विकता येऊ लागली. दंडाधिकाऱ्यांना विचारायची गरज उरली नाही. हा कायदा १० ऑक्टोबर १८३० रोजी अमलात आला. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली १५ सप्टेंबर १८३० रोजी, म्हणजे पंचवीसच दिवस आधी. त्यामुळे रुळांच्या कडेला खोदाई करणाऱ्या मजुरांना बिअर विकणारं घर उघडणं पुढची जवळपास चाळीस वर्षं अतिशय सोपं होतं. १८६९ साली बिअरहाउस पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या हाताखाली आली. मात्र १ मे १८६९ पूर्वीपासून चालत असलेल्यांना संरक्षण मिळालं. नंतरच्या नोंदवहीत ‘१८६९ पूर्वीचं बिअरहाउस’ असा शेरा दिसला तर तो जपून ठेवा. तुमचा ‘रेल्वे इन’ मूळचा बिअरहाउस होता हे सांगणारा इतका स्पष्ट शेरा दुसरीकडे मिळत नाही.

आता मुख्य काम: रेल्वेचे संसदेपुढे ठेवलेले आराखडे.

कोणत्याही नव्या मार्गाचं विधेयक मांडायचं तर ३० नोव्हेंबरपर्यंत त्याचा आराखडा ज्या-ज्या काउंटीतून मार्ग जाणार तिथल्या दफ्तरदाराकडे जमा करावा लागे. एक प्रत संसदेत जाई. म्हणून आज काउंटी अभिलेखागारात हे आराखडे मिळतात. सूचीत ते ‘डिपॉझिटेड प्लॅन्स’ या नावाखाली असतात. प्रत्येक आराखड्याचे दोन भाग: नकाशा आणि त्याची ‘बुक ऑफ रेफरन्स’. गावनकाशा आणि सातबारा यांचं जे नातं, तेच या दोघांचं. नकाशावर प्रस्तावित मार्गाची मध्यरेषा आणि तिच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषा असतात. बांधकामाच्या वेळी मार्ग जास्तीत जास्त कुठपर्यंत सरकवता येईल याच्या या मर्यादा. १८४५च्या कायद्याप्रमाणे मोकळ्या मुलखात दोन्हीकडे १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि वस्तीत १० यार्ड. या पट्ट्यातल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. तो क्रमांक पुस्तकात काढला की समोर वर्णन, मालक, पट्टेदार आणि प्रत्यक्ष राहणारा अशी चार माहितींची ओळ मिळते: ‘सार्वजनिक गृह, अंगण, तबेले आणि बाग’, त्यापुढे तीन नावं.

इथे चार ठिकाणी घोटाळा होतो. एक, क्रमांक प्रत्येक पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीच्या गावविभागात) पुन्हा १ पासून सुरू होतात; पब सीमेवर असेल तर दोन्ही पॅरिश तपासा. दोन, पबचं नाव पुस्तकात सहसा नसतं, फक्त प्रकार असतो. म्हणून ‘बिअरशॉप’ आणि ‘पब्लिक हाउस’ यांतला नेमका कोणता शब्द लिहिला आहे ते जसंच्या तसं उतरवा; त्यावरून परवान्याचा प्रकार कळतो. तीन, मालकाच्या आधी ‘रेप्युटेड’ असा शब्द असेल तर मालकीची खात्री करून घेतलेली नाही, ऐकीव आहे असं समजा. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: जो मार्ग प्रत्यक्षात बांधला गेला त्याचाच आराखडा पाहून थांबू नका. १८४५च्या रेल्वेच्या लाटेत शेकडो मार्गांचे आराखडे जमा झाले. त्या वर्षीचा ३० नोव्हेंबर रविवारी आला होता, तरी लंडनची कचेरी मध्यरात्रीपर्यंत उघडी ठेवावी लागली. यातले कितीतरी मार्ग कधी झालेच नाहीत, पण त्यांच्या मोजणीदारांनी गावात फिरून घरं मोजली होती. एकाच पबची नोंद पाच-दहा वर्षांच्या अंतराने दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुस्तकांत सापडली, तर राहणारे कसे बदलले आणि ‘कॉटेज’ची ‘बिअरशॉप’ कधी झाली हे सलग दिसतं. रुळांपासून थोडा दूर असलेला पबही अशा न झालेल्या मार्गाच्या पट्ट्यात येऊ शकतो.

याच काळाचा दुसरा आधार म्हणजे टाइद नकाशे. चर्चचा दशमांश धान्याऐवजी पैशात ठरवण्यासाठी १८३६च्या कायद्याखाली पुढच्या दीड दशकात यातले बहुतेक तयार झाले. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात तक्ते आयआर २९ आणि नकाशे आयआर ३० या मालिकांत आहेत. टाइद नकाशा आणि रेल्वेचं पुस्तक शेजारी ठेवा. दोन्हींत राहणारा तोच असेल तर तो माणूस तुमचा खुंटा. मालक बदलला असेल आणि नवा मालक जवळच्या गावातला ब्रुअर (बिअर बनवणारा कारखानदार) असेल, तर पब त्याच्या ब्रुअरीशी बांधील झाल्याचं वर्षही साधारण हाती आलं.

कागदाइतकंच रस्त्यावर उभं राहूनही कळतं. पब खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो का? दारातून रस्त्यावर यायला पायऱ्या चढाव्या लागतात का? मग शेजारचा पूल बघा. १८४५च्या कायद्याने सार्वजनिक गाडीरस्त्याचा पुलावर चढणारा उतार २० फुटांना १ फुटापेक्षा तीव्र असायला मनाई होती. टोल रस्त्याला ३० फुटांना १ फूट. म्हणजे रस्ता २० फूट उचलायचा तर साध्या रस्त्यालाही दोन्ही बाजूंना ४०० फूट, सुमारे १२० मीटर लांबीचा भराव लागणार. त्या ४०० फुटांत जी घरं होती ती आपोआप रस्त्याच्या खाली गेली. म्हणून भरावाच्या पायथ्याशी जुन्या पातळीवर असलेला पब रेल्वेच्या आधीचा असण्याची दाट शक्यता आहे, आणि भरावाच्या माथ्याला नेमका जुळणारा उंबरठा असलेला पब नंतरचा. कधी भरावाऐवजी रस्ताच वळवला गेला. मग पबचं जुनं तोंड मागच्या अंगणाकडे राहतं आणि आजचं दार पूर्वीच्या मागच्या भिंतीत फोडलेलं असतं. हे ताडण्यासाठी आराखड्यातला उभा छेद पाहा. मार्ग जिथे रस्ता ओलांडतो तिथे रस्ता किती उचलायचा किंवा खाली घ्यायचा हे त्यावर फुटांत लिहिलेलं असतं.

स्टेशन कधी उघडलं हे वेगळं तपासा. मार्ग सुरू झाला त्या दिवशी तुमचं स्टेशन होतंच असं नाही. ते काही वर्षांनी आलेलं असू शकतं किंवा नंतर अर्धा मैल सरकलेलं असू शकतं. गाडी धावू लागली म्हणून ‘रेल्वे’ आणि स्थानक आलं म्हणून ‘स्टेशन’, अशी नावातली तफावत तारखा जुळवताना उपयोगी पडते. काही ठिकाणी पब कंपनीनेच बांधला. स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे १८२५ साली सुरू झाली तेव्हा प्रवाशांसाठी स्टेशन बांधायची पद्धतच पडली नव्हती. त्या कंपनीने १८२६-२७च्या सुमारास मार्गालगत टॅव्हर्न बांधले, आणि त्यातली हेइंग्टनची इमारत जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्टेशन इमारतींत गणली जाते. तुमच्या पबचा मालक रेल्वे कंपनी असेल, तर क्यूमधल्या ‘रेल’ मालिकेत कंपनीच्या बैठकांची इतिवृत्तं आणि मालमत्तेच्या नोंदी पाहाव्या लागतील. उलट रेल्वेच्या पुनर्रचनेवरच्या बीचिंग अहवालाने १९६३ साली २,३६३ स्टेशनं बंद करायची यादी दिली, त्यामुळे आज ‘रेल्वे इन’ आहे पण आसपास रूळ नाहीत अशीही गावं पुष्कळ आहेत. तिथे आधी जुना मार्ग नकाशावर आखून घ्या.

मग जनगणना. घराघराच्या नोंदी १८४१ पासून दर दहा वर्षांनी मिळतात. १९२१ची २०२२ साली खुली झाली. १९३१ची जळाली, १९४१ची झालीच नाही. मधला आधार म्हणजे २९ सप्टेंबर १९३९ची नोंदवही. १८४१मध्ये पंधरा वर्षांवरील माणसांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली उतरवलेली असतात, त्यामुळे ‘४०’ म्हणजे ४० ते ४४ यांतलं काहीही. व्यवसायाचा रकाना बारकाईने वाचा. ‘लायसन्स्ड व्हिक्चुअलर’ किंवा ‘इनकीपर’ म्हटलं असेल तर बहुधा पूर्ण परवाना (बिअरबरोबर वाइन आणि कडक दारूचाही), ‘बिअर सेलर’ असेल तर बिअरपुरता. पण मोजणीदाराने कायदा पाहून लिहिलेलं नसतं, म्हणून एका जनगणनेवर निष्कर्ष काढू नका. शिवाय गावात बिअर विकणाऱ्याचा दुसरा धंदा मुख्य म्हणून लिहिलेला असतो: सुतार, लोहार, खाटीक. स्टेशनजवळच्या पबचालकांत कोळशाचे व्यापारी तर हमखास दिसतात, कारण कोळसा मालगाडीने दारातच येऊ लागला होता.

त्याच पानावर पबच्या छताखाली त्या रात्री झोपलेले सगळे असतात. मार्गाचं काम चालू असताना जनगणना आली असेल, तर भाडेकरूंच्या ओळींत ‘एक्सकॅव्हेटर’ (खोदाई करणारा मजूर), ‘रेल्वे लेबरर’, बोगदा असेल तर ‘मायनर’ अशी माणसं दिसतात, आणि जन्मगावाच्या रकान्यात आयर्लंडपासून लिंकनशरपर्यंतची नावं. दहा वर्षांनी त्याच घरात गँगमन, पोर्टर किंवा सिग्नलवाला राहत असतो. पबचं गिऱ्हाईक कसं बदललं यासाठी याहून चांगला पुरावा नाही, आणि वाचणाऱ्यांना सर्वांत जास्त आवडणारा भागही हाच असतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर परवाना विधवेच्या नावावर होणं नेहमीचं होतं. तेव्हा आडनाव तेच राहून पहिलं नाव बदललं तर दफनाच्या नोंदी बघा. ती पुढे पुनर्विवाह करून आडनाव बदलते आणि घराणं बदलल्याचा भास होतो.

पत्त्यांच्या जुन्या निर्देशिका, म्हणजे पिगट, व्हाइट, केली यांच्या, वेगाने चाळता येतात. लेस्टर विद्यापीठाने त्यातल्या पुष्कळ फुकट उपलब्ध केल्या आहेत. पूर्ण परवान्याचे पब नावासकट येतात. बिअरहाउस मात्र बहुधा ‘अमुक, बिअर रिटेलर’ इतकंच, पाटीचं नाव न देता. त्यामुळे ‘रेल्वे इन’ प्रथम १८६५च्या निर्देशिकेत दिसला म्हणून तो १८६५ला सुरू झाला असं लिहू नका. त्याआधीच्या आवृत्तीतल्या बिअर रिटेलरांच्या नावांशी ते नाव ताडून पाहा. छापील माहिती वर्ष-दीड वर्ष शिळी असते, तेवढी सूट ठेवा.

वर्तमानपत्रांत पब शोधताना पबचं नाव टाकून थांबणारे निम्मं गमावतात. बातमीत बरेचदा ‘मिस्टर अमुक यांच्या घरी’ एवढंच असतं. म्हणून जनगणनेतून पबचालकांची नावं आधी काढा आणि ती गावाच्या नावासोबत शोधा. १८०० पूर्वीच्या छपाईत शब्दामधला ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो आणि संगणक तो तसाच वाचतो, तेव्हा ‘हाउस’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एसच्या जागी एफ घालूनही शोध घ्या. मिळणाऱ्या बातम्यांत दोन प्रकार मोलाचे. पहिला लिलावाच्या जाहिराती: पब विकायला निघाला की खोल्या, तळघर, तबेल्यात किती घोडे मावतात, ब्रूहाउस (बिअर तयार करायची जागा) आहे का, स्टेशन किती अंतरावर, हे सगळं विक्रेता स्वतःच सांगतो. दुसरा मृत्यूच्या चौकश्यांच्या बातम्या. गावात मोठी खोली पबमध्येच असे, म्हणून रुळांवर कोणी दगावलं की कॉरोनरची (अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची) ज्यूरी जवळच्या इनमध्ये बसे. लिव्हरपूल-मँचेस्टरच्या उद्घाटनाच्याच दिवशी खासदार विल्यम हस्किसन इंजिनाखाली सापडले, त्यांची चौकशीही इकल्सच्या ग्रेप्स इनमध्ये झाली. दुसरी योग्य जागा असेल तर चौकशी पबमध्ये घेऊ नये असा दंडक १९०२च्या कायद्याने घातला, तेव्हा त्याआधीची वर्षं नीट चाळा. अशा बातमीत पबचं नाव, चालकाचं नाव आणि नेमकी तारीख एकत्र मिळते.

रविवारच्या दारूचे खटलेही बघा. बंद वेळेत फक्त ‘खऱ्या प्रवाशा’ला दारू देता येई, आणि १८७४च्या कायद्याप्रमाणे आदल्या रात्री निदान तीन मैलांवर मुक्काम केलेला माणूसच तो दावा करू शके. रेल्वेजवळच्या पबला ही पळवाट सोयीची होती: पुढच्या स्टेशनवरून गाडीने आलं की झाला प्रवासी. पोलीस दारात उभे राहून तिकिटं आणि पत्ते विचारत, चालकाला दंड होई, बातमी छापून येई. ही सवलत १९२१ साली गेली.

मालगाडीचा पबवर झालेला आणखी एक परिणाम लिखाणात यायला हवा. ३६ गॅलनचं एक पिंप म्हणजे सुमारे १६४ लिटर. नुसती बिअरच तेवढ्या किलोंच्या आसपास, वर लाकडाचं वजन. घोडागाडीने हे फार लांब नेणं परवडत नसे, म्हणून बरेच ग्रामीण पब मागच्या ब्रूहाउसमध्ये स्वतःच बिअर काढत. ब्रुअऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बर्टनला १८३९ साली रेल्वे पोचली आणि तिथली पेल एल (फिक्या रंगाची बिअर) देशभर स्वस्तात जाऊ लागली. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं तळघर तर १८६८ साली बर्टनच्या पिंपांच्या मापाने खांब रोवून बांधलं. तुमच्या पबच्या लिलावाच्या जाहिरातींत ब्रूहाउस कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि कधी त्याचं ‘कोठार’ झालं, हे बघितलं की हा बदल तुमच्या अंगणात कधी आला ते कळेल.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याच्या २५ इंची (मैलाला २५ इंच) नकाशांची पहिली आवृत्ती १८५३ नंतर काउंटी-काउंटीने निघाली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही नकाशे फुकट आहेत आणि आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहता येतात. ‘पी.एच.’ म्हणजे पब्लिक हाउस, ‘बी.एच.’ म्हणजे बिअरहाउस, ‘बी.एम.’ मात्र उंचीची खूण आहे, तिच्याशी गल्लत नको. लागोपाठच्या आवृत्त्यांत इमारतीचा आकार बदलला का, बाजूचा तबेला गेला का, ते मोजा.

१८७२ नंतर परवान्याच्या नोंदवह्या पुन्हा सुरू होतात आणि काम सोपं होतं: पब, चालक, मालक, परवान्याचा प्रकार, हस्तांतरणं, शिक्षा. २००५च्या नोव्हेंबरात परवान्याचं काम दंडाधिकाऱ्यांकडून स्थानिक कौन्सिलकडे गेलं. वह्या अभिलेखागारात नसतील तर कौन्सिलच्या परवाना विभागात लेखी विचारा. १९०२ नंतर इमारतीत बदल करायचा तर दंडाधिकाऱ्यांकडे नकाशा द्यावा लागे, त्यामुळे बारचे जुने आराखडे याच कागदांत असतात. १९०४च्या कायद्याने गरजेपेक्षा जास्त असलेले पब भरपाई देऊन बंद करायला सुरुवात केली. तुमच्या पबची तशी सुनावणी झाली असेल तर नशीबच: वर्षाला किती पिंपं खपतात, भाडं किती, शेजारचा पब किती यार्डांवर, सगळं त्यात येतं. आणि १९१०च्या जमीनमूल्य पाहणीच्या क्षेत्रवह्या, क्यूमधली आयआर ५८ मालिका, कोणत्याही परिस्थितीत पाहा. आधी पाहणीच्या नकाशावरून मालमत्तेचा क्रमांक काढावा लागतो, मग वही मागवता येते. खोल्यांची यादी, मालक ब्रुअरी, भाडं, आणि परवान्यासकट व परवान्याविना किंमत एका पानावर मिळते.

१८३०च्या मागे जायचं तर १७५३–१८२८च्या जामीनवह्या, १७८० ते १८३२चे जमीनकराचे तक्ते आणि मृत्युपत्रं हा क्रम ठेवा. जमीनकरात मालक आणि राहणारा दरवर्षी असतात, म्हणून रेल्वेच्या पुस्तकातल्या नावापासून एकेक वर्ष मागे सरकता येतं. तो जामीनवहीतल्या नावाला जाऊन भिडला तर पब १८३०च्या आधीचा नक्की. नाही भिडला तर तिथे आधी साधं घर असण्याची शक्यता आहे, पण नुसत्या नोंदीच्या अभावावरून ते सिद्ध होत नाही. मृत्युपत्रासोबतच्या मालमत्तायादीत खोलीनिहाय सामान असतं. बिअरची पिंपं आणि पाहुण्यांचे पलंग दिसले तर इन ओळखू येतं. १५७७ आणि १६८६च्या सरकारी पाहण्याही आहेत, पण १६८६ची (डब्ल्यूओ ३०/४८) गावनिहाय पलंग आणि घोड्यांची जागा सांगते, पबचं नाव नाही. गावात तेव्हा एक इन होतं याचा अर्थ ते तुमचंच होतं असा होत नाही. आणि १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलत असे, तेव्हा ‘फेब्रुवारी १७४०’ म्हणजे आजच्या हिशेबाने १७४१.

इमारतीसाठी शासकीय वारसा यादीतला उतारा वाचा, पण तो बरेचदा बाहेरून पाहून लिहिलेला असतो. छपराचा उतार ४५ अंशांहून जास्त असून वर पातळ वेल्श स्लेट असेल, तर मूळचं छप्पर गवताचं किंवा कौलांचं होतं आणि स्लेट बहुधा रेल्वेने आली. ‘१५८०’चा दावा इमारतीपुरता तपासायचा तर लाकडाच्या वर्तुळांवरून काळ काढणारे तज्ज्ञ लागतात आणि नेमकं वर्ष हवं तर तुळईला सालीलगतची कड शिल्लक असावी लागते. शिवाय ओकच्या तुळया दुसरीकडून काढून पुन्हा वापरलेल्या असतील, तर त्यांचा काळ घराचा काळ नव्हे. रिकाम्या खाचा दिसल्या की तशी शंका घ्या.

दंतकथांत चर्चपर्यंतचं भुयार आणि दरोडेखोर डिक टर्पिनचा मुक्काम या दोन हमखास असतात. भुयार म्हणजे बहुतेक तळघराची पिंपं उतरवायची उतरंड किंवा विटांचं गटार निघतं. टर्पिनला १७३९ साली यॉर्कला फाशी झाली; परवान्याचा पुरावा त्यानंतरचा असेल तर ती कथा ‘गावात सांगतात’ म्हणून वेगळ्या चौकटीत द्या, गाळू नका.

पबचे खरेदीखत आजच्या मालकाकडे मागा, पण अपेक्षा बेताची ठेवा. १९८९च्या आदेशानंतर मोठ्या ब्रुअऱ्यांना हजारो पब सोडावे लागले, ते कंपन्यांकडून कंपन्यांकडे गेले आणि जमीन नोंदणी झाल्यावर जुने दस्त कायद्याने ठेवायची गरज उरली नाही. ब्रुअरीचं दफ्तर काउंटी अभिलेखागारात आलं असेल तर दस्तांचं गाठोडं तिथे सापडू शकतं. लँड रजिस्ट्रीचा उतारा काही पौंडांत मिळतो. त्यात जुन्या खरेदीखताची तारीख आणि अटी कधीकधी उतरवलेल्या असतात, रेल्वे कंपनीने विकलेल्या जमिनीच्या बाबतीत तर विशेष.

दोन पानांत पाटीबद्दल असं लिहिता येईल: ‘इमारतीचा जुना भाग सोळाव्या किंवा सतराव्या शतकातला असावा. इथे बिअर विकली जात असल्याचा पहिला लेखी पुरावा अमुक सालच्या रेल्वे आराखड्यात आहे. रेल्वे इन हे नाव अमुक सालापासून छापील मिळतं.’ साल भरताना कागदाचा संदर्भ क्रमांक वहीत ठेवा, आणि रेल्वेच्या पुस्तकातल्या त्या ओळीचं छायाचित्र पबचालकालाही द्या. पाटीशेजारी ते लावायला बहुतेक चालक आनंदाने तयार होतात.